जांभूळ तोडणाऱ्याची लेश्या

षट्लेश्येचं, म्हणजे मनाच्या सहा रंगांचं, चित्र आमच्या भागातल्या बहुतेक जैन बस्त्यांत असतं. कुठं भिंतीवर रंगवलेलं, कुठं काचेत मढवलेलं, कुठं नुसतं कॅलेंडरवर. मधोमध फळांनी लगडलेलं झाड आणि भोवती सहा माणसं. पहिला बुंध्याशी कुऱ्हाड घेऊन, मुळासकट पाडायच्या तयारीत. दुसरा खोडावर घाव घालतोय. तिसऱ्याला मोठी फांदी हवी आहे, चौथ्याला भरलेली डहाळी. पाचवा पिकलेलं तेवढं एकेक फळ तोडतोय आणि सहावा खाली वाकून पडलेलं उचलतोय. पहिल्याचं अंग काळं, मग निळं, मग कबुतरी, पिवळं, कमळाच्या रंगाचं आणि शेवटच्याचं पांढरंशुभ्र. कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म, शुक्ल. आमच्या शिरोळ तालुक्यात पाठशाळेत गेलेल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, ही सहा नावं बिनचूक सांगेल.

सहाही जण भुकेले, सहाही वाट चुकलेले. झाड कुणाचं, हे मात्र त्यांच्यातला एकही विचारत नाही. माझी अडचण तिथूनच सुरू होते, कारण झाड माझं आहे.

कृष्णा आणि पंचगंगेच्या काठचा हा मुलूख. पाणी मुबलक म्हणून ऊस, आणि ऊस म्हणून आणखी पाणी. पिढ्यान् पिढ्या आम्ही सऱ्या तुडुंब भरल्या आणि खालच्या रानांत मीठ वर आणलं. उन्हाळ्यात तिथं पांढरा थर दिसतो, पावसाळ्यात पाय रुततो. क्षारपड म्हणतात ती हीच. ज्यांना जमलं त्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करून घेतला. माझ्या खालच्या पट्टीत ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडायचा. तिथं मी जांभळं लावली. जांभळाला पाणी साचलेलं चालतं, रान थोडं खारं असलेलं चालतं, आणि एकदा मूळ धरलं की कुणी विचारपूस केली नाही तरी चालतं. पेरू, लवंग, निलगिरी ही सगळी त्याच कुळातली. पण माझ्या त्या पट्टीत पेरूनं हाय खाल्ली आणि जांभूळ उभं राहिलं.

कलमं ‘कोकण बहाडोली’ची. पालघर तालुक्यातल्या बहाडोली गावचं जांभूळ टपोरं, गराचं. त्यातून निवड करून दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठानं हे वाण दिलं. बहाडोलीच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. दहा-दहा मीटरवर खड्डे, शेणखत, आळ्यात पाचटाचं आच्छादन, पहिले उन्हाळे हातानं पाणी. बियांपासून केलेलं झाड फळायला आठ-दहा वर्षं घेतं, कलम त्याच्या निम्म्या वेळात येतं. तरी खुंटासाठी बिया पेराव्याच लागतात, आणि जांभळाची बी वाळवून ठेवता येत नाही. ताजी असतानाच मातीत गेली तर उगवते.

घरातली थोरली, आव्वा, तेव्हा होती. आयुष्यभर तिनं फळाची बी दाताखाली येऊ दिली नाही, कारण बीत जीव. जांभळाच्या एका बीतून कधी दोन, कधी तीन कोंब येतात. एकाच बीत एकाहून जास्त गर्भ असतात, हे त्याचं वैशिष्ट्यच. पिशवीतले जुळे कोंब बघून ती म्हणाली, “बघ, मी सांगत होते त्याच्या दुप्पट पाप आहे.” पुढं कलम बांधताना तिनं विचारलं, “खुंट एका झाडाचा, काडी दुसऱ्याची. मग जीव कुणाचा?” पाठशाळेच्या पंडितजींकडे उत्तर तयार होतं. मुळाचा जीव वेगळा, खोडाचा वेगळा, पानाचा, फुलाचा, फळाचा, बीचा वेगळा. कलमानं त्यात काही बिघडत नाही. शास्त्राला कलमाची अडचण नव्हती.

अडचण पुढं, तोडणीला.

आमच्या घरी अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी होत नाही. वड, पिंपळ, उंबर यांची फळं वर्ज्य, कारण ती फोडली की आत किडे. आव्वा जांभूळही उघडून, उजेडात धरून, शोधून मगच तोंडात टाकायची. झाड हा एकेंद्रिय जीव, त्याला स्पर्शापुरतं कळतं, हे आम्ही दुधाबरोबर प्यालो. असल्या घरातला माणूस शेती करतो तेव्हा त्याच्याजवळ एक आधार असतो. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी लोकांना सहा कर्मं शिकवल्याचं आहे: असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य, शिल्प. दुकानदार पाहुणे लग्नात भेटले आणि “तुमच्या नांगराखाली किती जीव जात असतील हो,” म्हणाले, की आम्ही शेतकरी जैन हे तिसरं कर्म पुढं करतो. दुसरा आधार हिंसेच्या चार प्रकारांचा. मुद्दाम, मारायचं ठरवून केलेली ती संकल्पी; तेवढी श्रावकानं पूर्ण सोडायची. चुलीची, धंद्याची आणि बचावाची हिंसा संसारात सुटत नाही, ती कमी करत जायची. मला वाटतं, या दोन आधारांवर माझ्या आजोबांचं आयुष्य बिनघोर गेलं. त्यांनी ऊस केला. ऊस बुंध्यापासून तोडावाच लागतो. त्याला लेश्येचं चित्र लावायचं कुणाच्या मनात येत नाही. जांभळाच्या झाडाखाली उभं राहिलं की मात्र ते चित्र समोर येतंच.

आणि गंमत अशी की पाच पायऱ्यांपर्यंत शेतीशास्त्र आणि ते चित्र हातात हात घालून चालतात. झाड पाडणारा आणि खोड तोडणारा मूर्खच, ते सोडा. फांदी तोडणाऱ्यानं पुढच्या हंगामांचं फळ घालवलं. डहाळी तोडणारा अर्धवट शहाणा, कारण जांभळाचा घोस एकदम पिकत नाही. एकाच घोसात हिरवं, गुलाबी आणि काळंभोर फळ असतं. आणि जांभूळ आंब्यासारखं अढीत पिकत नाही. झाडावर पिकलं तेवढं पिकलं. गुलाबी तोडलेलं गुलाबीच सुकतं, तुरट राहतं. म्हणून पिकलेलं तेवढं वेचून घ्यायचं, दोन दिवसांनी पुन्हा त्याच झाडाला शिडी लावायची, महिनाभर हेच. पाचवा माणूस हा अस्सल बागायतदार आहे. ज्या गोम्मटसाराच्या गाथांत हे सहा जण येतात, तो रचणाऱ्या नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींना दहाव्या शतकात हे कुणी शेतकऱ्यानं सांगितलं होतं की काय, असं मला कधीकधी वाटतं.

सहाव्या पायरीला मात्र वाट फुटते. आपण होऊन पडलेलं जांभूळ चवीला सगळ्यांत गोड असतं, हे खरं. पण ते दहा-पंधरा फुटांवरून पडून फुटलेलं असतं, मातीनं माखलेलं असतं, आणि दुपारपर्यंत त्याच्यावर माशा बसतात. मृगाचा पाऊस झाला की फळमाशीची अळी त्याच्यात हमखास सापडते. मी शुक्ल लेश्येचा म्हणून फळ पडायची वाट पाहात बसलो, तर बागेत फळमाशीची पैदास होते. ती झाडावरच्या चांगल्या फळातही अंडी घालते, आणि शेवटी फवारा मारायची वेळ येते. म्हणून कृषी खात्याची माणसं सांगतात, पडलेलं फळ रोज गोळा करा आणि खोल पुरा. पुरलं की आतल्या अळ्या मेल्या. झाड एकेंद्रिय, माशी चतुरिंद्रिय. आमच्याच हिशेबानं बघितलं तरी सहाव्या माणसाचा मार्ग माझ्या रानात जास्त महाग पडतो. पांढरा रंग त्या वाटसरूला शोभला, कारण तो खाऊन पुढं निघून गेला. खाली राहिलेल्या फळांचं काय झालं, ते बघायला तो थांबला नाही.

हा प्रश्न मी एका मुनिमहाराजांना विचारला. जूनमध्ये विहार करत ते गावात आले होते, चातुर्मास पुढच्या गावी होता. सकाळी आहारात त्यांना जांभळाचा गर दिला होता, बी काढून, गाळून, प्रासुक करून. दुपारी लोक पांगल्यावर मी नमोस्तु करून बसलो आणि सगळं सांगितलं.

ते म्हणाले, “पाटील, ते सहा जण शेतकरी होते का?”

“नाही महाराज.”

“त्यांनी काय तोडलं?”

“एकानं मूळ, एकानं खोड...”

“चित्रात. गाथेत काय तोडलंय? वाचा जरा.”

घरी येऊन गोम्मटसाराचा जीवकांड काढला. मराठी अर्थ देणारं जुनं पुस्तक आहे, आव्वाच्या पेटीतलं. दोनच गाथांचा मजकूर. अरण्यात वाट चुकलेले सहा पथिक फळांनी भरलेलं झाड पाहतात आणि विचार करतात. मनात आणि बोलण्यात जे आलं, ते त्यांचं त्यांचं लेश्येचं कर्म. संपलं. कुणी उठलंसुद्धा नाही. कुऱ्हाड चित्रकारानं दिली. तिथं झाडाचं नावही नाही. ते जांभूळ होतं हे श्वेतांबर परंपरेतल्या कथेत येतं. म्हणजे जी तोडणी बघत मी लहानाचा मोठा झालो ती कधी झालीच नाही. झाड अजून अखंड उभं आहे.

मन हेच कर्म, ही गोष्ट आपल्या मातीला नवी नाही. शाहीर विठ्ठल उमपांनी गाजवलेलं जांभूळ आख्यान आठवा. त्या कथेची रूपं अनेक आहेत. त्यातल्या एकात तोडलेलं जांभूळ पुन्हा देठाला चिकटवायचं असतं आणि प्रत्येकानं मनातलं खरं बोलल्याशिवाय ते चिकटत नाही. द्रौपदीच्या मनात कर्ण असतो. तिनं काही केलेलं नाही, एक इच्छा मनात आली एवढंच, आणि फळ तेवढ्यासाठी अडून बसतं. आमच्या गाथेच्या आणि या कथेच्या कर्त्यांची गाठ पडली असती तर त्यांचं एकमेकांशी चांगलं जमलं असतं, असं मला वाटतं.

पण मला ही सुटका थोडी सोपी वाटते, आणि महाराजांना मी तसं म्हणालोही. मनच सगळं असेल तर कुऱ्हाड घेतलेला प्रत्येक जण म्हणेल, माझं मन शुद्ध आहे. रस्ता रुंद करताना जुनी झाडं पाडणाऱ्यांची मनंही शुद्धच असतात. त्यांना विचारून बघा.

जांभळाचीच आणखी एक गोष्ट बुद्धाची. अश्वघोषाच्या बुद्धचरितातला तो प्रसंग शाळेत असताना वाचला होता. तरुण सिद्धार्थ नांगरलेलं रान बघतो. उलथलेल्या ढेकळांत किडे मेलेले, बैल आणि नांगरणारे उन्हानं थकलेले. त्याला ते सोसत नाही आणि तो जाऊन बसतो तो जांभळाच्या झाडाखाली. तिथं त्याचं ध्यान लागतं. फार मोठी गोष्ट आहे, मी तिला हात जोडतो. पण तोही घोड्यावरून आलेला पाहुणा होता. तो ध्यानाला बसल्यावर त्या रानात पेरणी कुणी केली, हे मला माझ्या जागेवरून विचारावंसं वाटतं.

लेश्येच्या चित्रात आणखी एक गोष्ट नाही. झाडावर चढलेला माणूस. जांभळाचं लाकूड पाण्यात टिकतं, पण फांदी ठिसूळ. जाडजूड दिसते आणि न वाकता, न करकरता एकदम तुटते. आमच्या पंचक्रोशीत जांभळावरून पडून कंबर गेलेली माणसं आहेत. जीव गेलेलीही आहेत. बहाडोलीकडं उंच झाडांना बांबूची परांची बांधून तोडणी करतात ती याचसाठी. आम्ही एकेंद्रियाच्या डहाळीचा हिशेब करतो आणि दिवसाच्या मजुरीवर चाळीस फूट वर गेलेल्या पंचेंद्रियाचा हिशेब चित्राबाहेर ठेवतो. मला हे पटेनासं झालं.

म्हणून मी छाटणी करतो. जांभूळ मोकळं सोडलं तर ताडमाड वाढतं. तोडणी संपली की शेंडा मारायचा, मधल्या उभ्या फांद्या काढायच्या, उजेड आत येऊ द्यायचा, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची. झाड शिडीच्या आवाक्यात राहतं, माणूस जमिनीजवळ राहतो. चित्राप्रमाणं बघाल तर मी तिसरा माणूस, कापोत लेश्येचा, करवत घेऊन फांदीवर बसलेला. आव्वानं पहिल्या छाटणीला बघितलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “कापायचंच तर सकाळी कापू नकोस, चिमण्या असतात.” तेव्हापासून आम्ही दुपारनंतर कापतो, आणि आधी घरटं आहे का ते बघतो. हा नियम कुठल्याही ग्रंथात नाही. पण मन शुद्ध आहे असं जो म्हणतो, त्यानं हातालाही काही नियम घालून द्यावेत, एवढं मला त्यातून कळलं. महाराज यावर हसले. “गाथा मनाबद्दल आहे,” म्हणाले, “हाताबद्दल व्रतं आहेत. दोन्ही एकाच ठिकाणी शोधू नका.”

त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मी बाजारात पडताळून पाहतो. माणसाची भावलेश्या अंतर्मुहूर्तात बदलते, म्हणजे 48 मिनिटांच्या आत. पहाटे चारला क्रेट भरताना माझं मन शांत असतं. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गाडी लागली, शेजारी दुसऱ्याची टपोरी जांभळं दिसली, की कोण जाणे कुठला रंग चढतो. जांभूळ दोन दिवसांपलीकडं टिकत नाही, हे व्यापाऱ्याला माझ्याइतकंच माहीत. भाव पडला की डोक्यात पहिला माणूस येतो: पाडा सगळं, जेसीबी लावा, जागा मोकळी करा. मग एखादं गिऱ्हाईक येतं आणि साखरेला चांगलं ना, विचारतं. फळाची साखर नव्हे, स्वतःची. त्याच्याशी बोलता बोलता जेसीबी परत जातो. सूर्य नीट वर येईपर्यंत माझ्या अंगावरून सहाही जण जाऊन आलेले असतात. पाठशाळेत आम्ही एकमेकांना चिडवायचो, तू कृष्णलेश्येवाला, तू नीललेश्येवाला. बारा वर्षांच्या पोरांना कायमचे रंग वाटून द्यायची घाई असते. पंडितजींनी ती थांबवायला हवी होती.

सगळ्यांत भारी झाड तर मिळणारच नाही असं आहे. आपला जंबुद्वीप ज्याच्या नावानं ओळखला जातो, तो जंबूवृक्ष आमच्या शास्त्रात वनस्पतीच नाही. तो पृथ्वीकायिक आहे, अनादि आहे, कुणी लावलेला नाही आणि कुणाला तोडता येणार नाही. लहानपणी मला वाईट वाटायचं, एवढं मोठं जांभूळ आणि खाता येत नाही. आता वाटतं, शास्त्रकारांनी एक तरी जांभूळ तोडणीच्या वादाबाहेर ठेवलं ते बरं केलं.

माझी जांभळं वादातच आहेत. गेल्या वर्षी मुलानं नवीन काढलं. “आप्पा, झाडाखाली जाळं बांधू. फांदी हलवली की पिकलेलं तेवढं पडतं. माणूस चढायला नको, फळ मातीत जायला नको, आणि तुमचा सहावा माणूसही खूश.” मी म्हटलं, हलवून पाडलेलं ते पडलेलं नव्हे, ते तोडलेलंच, फक्त हात लपवलेला. तो म्हणाला, “मग वाऱ्यानं हलवलं तर?” मी म्हटलं, वाऱ्याला बाजारात जायचं नसतं. घरच्या मंडळींनी दोघांना जेवायला बोलावलं म्हणून ते तिथं थांबलं.

जाळी आम्ही बांधली. मजूर फांदी जोरात हलवायचे तेव्हा गुलाबी फळंही बरोबर यायची आणि वाया जायची, त्यामुळं हलवणं बंद झालं. तो मुद्दा मी जिंकलो असं मी धरून चालतो. आता रात्रीतून आपसूक पडलेलं फळ पहाटे माशा यायच्या आत जाळ्यातून गोळा होतं, मग शिडी लावून पिकलेलं खुडलं जातं. जाळ्यातलं फळ जास्त गोड, पण मऊ. ते रस काढणाऱ्याकडं जातं आणि कमी भाव घेतं. शिडीवरचं मार्केटला जातं. शुक्ल लेश्येला पद्म लेश्येपेक्षा किलोमागे दर कमी, हे मी महाराजांना अजून सांगितलेलं नाही. मुलाचं म्हणणं, दोन्ही क्रेट एकत्र करू, वर शिडीचं आणि खाली जाळ्यातलं, कुणाला कळतंय. यंदा आमचा वाद त्यावर आहे, आणि हंगाम संपायला अजून दोन तोडण्या बाकी आहेत.